सहा फुटी फिश टँक घरात बांधताना: उंची कमी, रुंदी जास्त

नाशिकला तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलमध्ये ६ फूट लांब, २ फूट रुंद आणि अडीच फूट उंच टँक स्वतः बांधायचा आहे, काचवाला म्हणतो १० एमएम काच भरपूर झाली, सुतार प्लायवूडचं स्टँड करून देणार आहे आणि आत अरोवाना हा मोठा मासा सोडायची इच्छा आहे. काच, सिलिकॉन, फिल्टर कोणतं घ्यावं आणि सुरुवात कुठून करावी, असं तुम्ही विचारलंय. मोठे टँक जोडण्याचं काम मी बरीच वर्षं करतोय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

सगळ्यात आधी माप बदला. रुंदी आणि उंचीची अदलाबदल करा: ६ फूट लांब, अडीच फूट रुंद, २ फूट उंच. सेंटीमीटरमध्ये १८० × ७५ × ६०. पाणी तेवढंच बसतं, काठोकाठ ८१० लिटर. पण टँक पूर्ण वेगळा होतो. काचेवरचा पाण्याचा दाब फक्त पाण्याच्या खोलीवर ठरतो, काचेमागे किती पाणी आहे यावर नाही. ७५ सेंटीमीटर उंच टँक भरला की समोरच्या काचेवर एकूण ५०६ किलोचा जोर येतो. तीच उंची ६० वर आणली की ३२४ किलो. एकूण जोर उंचीच्या वर्गाने वाढतो आणि काचेतला ताण साधारण घनाने. म्हणून अर्धा फूट उंची ही किरकोळ गोष्ट नाही.

१० एमएमला मी ठाम नाही म्हणतो, ते याच हिशोबामुळे. टँकची काच ठरवताना सुरक्षिततेचा गुणांक, म्हणजे काच फुटायला लागणारा ताण प्रत्यक्ष ताणाच्या किती पट आहे तो आकडा, ३.८ धरण्याची पद्धत आहे. तुमच्या मूळ मापाला, वरची कड मोकळी धरली, तर १० एमएमचा गुणांक दीडच्याही आत येतो. अशी काच पहिल्या दिवशी फुटेलच असं नाही, काही महिने नीट उभीही राहील. पण कडेला एक बारीक टवका असला, किंवा पोराचा चेंडू लागला, तर तिच्याकडे राखीव ताकद काहीच नाही. ६० सेंटीमीटर उंचीला १२ एमएम काच साडेतीनच्या आसपास जाते, आणि वरच्या कडेला काचेच्या पट्ट्या मारल्या की पुरेशी होते. मूळ उंचीच ठेवायची म्हटली तर जवळजवळ १७ एमएमचा हिशोब निघतो, म्हणजे १९ एमएम काच घ्यावी लागेल. तिचं वजन आणि पैसे, दोन्ही तुम्हाला नकोसे होतील.

रुंद टँकचे आणखी फायदे आहेत. पाण्याचा पृष्ठभाग सव्वापट होतो, आणि प्राणवायू पाण्यात जातो तो तिथूनच. माशाला वळायला जागा मिळते. लांब पण अरुंद टँकमध्ये मोठा मासा दिवसभर अंग दुमडून वळत राहतो. दगड-लाकूड मांडताना मागे-पुढे खोली दिसते. आणि तळापर्यंत हात पोचतो. ७५ सेंटीमीटर खोल टँकच्या तळाची एक काडी उचलायलाही स्टुलावर चढून बगलेपर्यंत हात बुडवावा लागतो, आणि हे काम दर आठवड्याचं आहे.

आता वजन. ५५ सेंटीमीटरपर्यंत भरला तर पाणी सुमारे ७४० किलो. १२ एमएम काच चौरस मीटरला ३० किलो भरते, म्हणजे पट्ट्यांसकट टँकची काच १४५ किलोच्या घरात. वाळू शंभरेक किलो, दगड, लोखंडी स्टँड आणि खालच्या सम्पमधलं, म्हणजे टँकखाली ठेवायच्या फिल्टरच्या टाकीतलं, पाणी धरलं की बाराशे किलोच्या आसपास जातं. हे सगळं १.३५ चौरस मीटरवर, म्हणजे चौरस मीटरला जवळजवळ ९०० किलो. आपल्याकडे राहत्या खोल्यांचे स्लॅब आयएस ८७५ च्या दुसऱ्या भागाप्रमाणे चौरस मीटरला २ किलोन्यूटन, म्हणजे साधारण २०० किलो वापराचा भार धरून काढतात. तो आकडा पूर्ण खोलीभर सारख्या पसरलेल्या भाराचा आहे, त्यामुळे एका जागी साडेचारपट झाला म्हणून स्लॅब लगेच खाली येत नाही. पण पाहुणे येतात आणि जातात, टँक वर्षानुवर्षं तिथेच असतो, आणि कायमच्या वजनाखाली स्लॅब हळूहळू बाक घेतो.

म्हणून काच घ्यायच्या आधी इमारतीचं आरसीसी ड्रॉइंग मिळवा आणि स्ट्रक्चरल इंजिनिअरला जागा दाखवा. त्याला एवढंच विचारायचं: या भिंतीखाली बीम आहे का, आणि कॉलम किती लांब आहे. खोल्यांमधली ४ इंची भिंत कित्येकदा नुसती स्लॅबवर उभी असते. तिच्या कडेला टँक ठेवला तर बीमचा काही उपयोग होत नाही. बाहेरच्या भिंतीलगत, कॉलमजवळच्या कोपऱ्यात, टँकची लांबी बीमच्या दिशेने, ही सहसा सगळ्यात चांगली जागा. गॅलरीत कधीच नाही. जुनी लोड-बेअरिंग, म्हणजे कॉलमऐवजी भिंतींवर उभी असलेली, इमारत असेल तर वरच्या मजल्यावर एवढा टँक नकोच. इंजिनिअर नाही म्हणाला तर ४ × दीड × दीड फुटाचा २४० लिटरचा टँक बांधा. तोही सुरेख दिसतो.

स्टँड प्लायवूडचं नको. सुताराचं काम कितीही चांगलं असलं तरी सम्पची ओल वर्षानुवर्षं खालून लागत राहते. ५० × ५० एमएमचा लोखंडी (एमएस) चौरस पाईप, जाडी अडीच ते तीन एमएम, सहा पाय, वर-खाली पूर्ण चौकट. खालची चौकट सलग ठेवा. सुटे पाय टाइलवर टेकवले तर टाइल तडकते. रेड ऑक्साइड आणि वर इपॉक्सी रंग. चौकटीवर १९ एमएमचा आयएस ७१० मरीन प्लाय, त्यावर १० ते १२ एमएमचा थर्माकोल किंवा ईव्हीए फोम. सुताराला बाहेरचे दरवाजे आणि लॅमिनेट करू द्या, त्यात तो उपयोगी पडेल.

पाणसळ लावून स्टँड लांबीत, रुंदीत आणि दोन्ही कर्णांत तपासा. फरक निघाला तर पाचर चौकटीखाली, जमिनीशी घालायची. काचेखाली पाचर घालून टँक सरळ करणं म्हणजे तळाची काच एका बिंदूवर तोलून धरणं, आणि तळाच्या काचा बहुतेक अशाच जातात.

टँक दुकानात जोडून घरी आणायचा विचार सोडा. १४५ किलोचा, अडीच फूट रुंद खोका लिफ्टमध्ये मावत नाही आणि जिन्याच्या वळणावर अडकतो. काचा कापून, भोकं पाडून आणि कडा मशीनने घासून सुट्या आणा. सगळ्यात जड तळाची काच, ४० किलो. सक्शन कप असले तर दोन माणसं ती आरामात चढवतात. काच साधी फ्लोट घ्या. टफन्ड काचेला नंतर भोक पाडता येत नाही, आणि ती गेली तर एका क्षणात पूर्ण जाते. साध्या काचेला तडा जातो, पाणी झिरपतं, तुम्हाला धावपळ करायला वेळ मिळतो.

मापं काचवाल्याला एमएममध्ये लिहून द्या, फुटात अजिबात नको. तळाची काच १८०० × ७५०. उभ्या काचा तळावर उभ्या राहणार. समोरची आणि मागची १८०० × ५८६, कारण ६०० मधून तळाची १२ आणि सिलिकॉनच्या थराची २ जाते. बाजूच्या दोन्ही ७२२ × ५८६: ७५० मधून दोन काचांचे २४ आणि दोन सांध्यांचे ४ वजा. हे ४ एमएम विसरले की सांध्यात सिलिकॉनला जागाच राहत नाही. वर कडेने फिरणाऱ्या पट्ट्या १२ एमएम जाड आणि १०० रुंद, शिवाय दोन आडव्या पट्ट्या समोरून मागे. सम्पकडे जाणाऱ्या पाईपांची भोकं मागच्या काचेला, वरच्या बाजूस. कडेपासून भोकाच्या व्यासाएवढं अंतर तरी सोडायचं. तळाला भोक पाडू नका. तिथला नट गळायला लागला तर अख्खा टँक जमिनीवर येतो.

सिलिकॉन शंभर टक्के, ॲसिटिक प्रकारचं, व्हिनेगरसारखा वास येणारं. ट्यूबवर 'अँटी-फंगस', 'सॅनिटरी' किंवा 'बाथरूम' असं काहीही लिहिलेलं असलं तर परत करा. त्यात बुरशीनाशक असतं आणि ते माशांना मारतं. एक्स्पायरी बघा. तुमच्या मापाला दोन ट्यूब हिशोबाने पुरतात, पण चार जवळ ठेवा, कारण मध्येच संपलं तर काम बिघडतं: वाळलेल्या सिलिकॉनला नवं सिलिकॉन नीट चिकटत नाही. संपूर्ण खोका एका बैठकीत उभा राहिला पाहिजे. तीन माणसं लागतात.

आधी सगळ्या काचा सिलिकॉनशिवाय उभ्या करून बघा, मापं जुळतात याची खात्री करा. मग कडा ॲसिटोनने पुसा. एकदा ओल्या फडक्याने, लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने, आणि त्यानंतर तिथे बोट लागता कामा नये. आतल्या बाजूला सांध्यापासून ८ एमएम सोडून मास्किंग टेप. तळाच्या काचेवर सिलिकॉनची सलग रेघ ओढा, मध्ये हात थांबवायचा नाही. मागची काच उभी करा, मग एक बाजू, दुसरी बाजू, शेवटी समोरची. सांध्यात २ एमएमचे टाइल स्पेसर बाहेरच्या टोकाला ठेवा. जोर लावून काच दाबण्याची सवय असलेले कारागीर खूप आहेत. काच काचेला टेकली की मध्ये सिलिकॉनचा पापुद्रा उरतो, आणि तो ताणाला तग धरत नाही. सिलिकॉन हलकेच दबून सांधाभर एकसारखं काळं किंवा स्वच्छ दिसलं पाहिजे. प्रकाशात धरून बघा: चांदीसारखी चमकणारी रेघ दिसली तर तिथे हवा अडकली आहे. सांधा ओला असतानाच काच बाहेर काढून परत लावा.

आतल्या कोपऱ्यांची गोलाई लगेच भरायची. वरची साय धरायला दहा-पंधरा मिनिटं लागतात, त्याच्या आत बोट किंवा चमचा फिरवून टेप ओली असतानाच ओढून काढायची. वाळल्यावर टेप काढली तर कड उचकटून येते. खोका आवळायच्या पट्ट्यांनी किंवा बार क्लॅम्पने धरून ठेवा. स्पेसर दुसऱ्या दिवशी काढून त्या खाचा बाहेरून भरा. वरच्या पट्ट्या तिसऱ्या दिवशी.

ॲसिटिक सिलिकॉन हवेतल्या ओलाव्याने, कडेकडून आत असं वाळतं, दिवसाला साधारण दोन-तीन एमएम, आणि आत जाईल तसं हळू. १२ एमएम रुंदीच्या सांध्याला मी दोन आठवडे देतो. वास पूर्ण गेल्याशिवाय पाणी नाही.

चाचणी टँक त्याच्या जागेवर ठेवूनच करा. चारही बाजूंनी खाली वर्तमानपत्र अंथरा; एक थेंब पडला तरी कागदावर डाग दिसतो. पाव टँक भरा, एक दिवस थांबा, पुन्हा पाव. प्रत्येक टप्प्याला पाणसळ परत लावा, कारण वजन आल्यावर स्टँड बसतं. समोरच्या काचेच्या मध्यावर लांब पट्टी आडवी धरून फुगवटा पाहा. पट्ट्या मारलेल्या १२ एमएमला तो एक-दोन एमएमच्या पलीकडे जाऊ नये. पूर्ण भरून आठवडाभर ठेवा.

फिल्टर म्हणून कॅनिस्टर (बंद डब्याचा फिल्टर) घ्यायचा की सम्प, याबद्दल माझं मत पक्कं आहे: या मापाला सम्पच. ९० × ४५ × ४५ चा टँक स्टँडखाली, तीन कप्पे. पहिल्यात स्पंज आणि फिल्टर फ्लॉस, दुसऱ्यात सिरॅमिक रिंगा किंवा लाव्हा दगड, तिसऱ्यात पंप. पंप तासाला टँकच्या चौपट-पाचपट पाणी फिरवणारा, पण दीड मीटर वर पाणी चढवल्यावर तेवढं देणारा हवा. खोक्यावरचा आकडा शून्य उंचीचा असतो. आत उंचीचा आलेख छापलेला असतो, तो वाचा. खाली येण्यासाठी दोन ४० एमएम पाईप ठेवा, एक रोजचा आणि दुसरा पहिला तुंबला तर. दोन्हींना चांगल्या रबर वॉशरचे टँक निपल.

सम्पमध्ये पूर येण्याचं कारण जवळजवळ नेहमी एकच असतं, वीज जाणं. पंप थांबला की वर जाणारा पाईप उलटा सायफन होतो आणि टँकचं पाणी खाली ओढतो, त्याचं तोंड उघडं पडेपर्यंत. तुमच्या टँकचा पृष्ठभाग १.३५ चौरस मीटर, म्हणजे पातळी १ सेंटीमीटर उतरली की साडेतेरा लिटर खाली येतात. पाईपचं तोंड पाण्यात ४ सेंटीमीटर असेल तर ५४ लिटर, शिवाय ओव्हरफ्लोचं. म्हणून तोंड पृष्ठभागालगत ठेवा आणि पाण्याच्या पातळीखाली लगेच पाईपला ५-६ एमएमचं छिद्र पाडा. तिथून हवा शिरली की सायफन तुटतो. शेवाळाने ते बुजतं, तेव्हा काच पुसताना तेही पुसायचं. मग मुख्य बटण बंद करून सम्प कुठपर्यंत भरतो ते बघा आणि तिथे मार्करने रेघ मारा. पंप पुन्हा चालू झाल्यावर पाणी जिथे स्थिरावेल तिथे दुसरी रेघ. रोजचं पाणी दुसऱ्या रेघेच्या वर कधी भरायचं नाही.

विजेचं काम इलेक्ट्रिशियनकडून: स्वतंत्र लाइन, चांगलं अर्थिंग आणि ३० मिलिॲम्पिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारं बटण). प्रत्येक वायर सॉकेटच्या खाली लोंबकळून मग वर गेली पाहिजे, म्हणजे वायरवरून ओघळणारं पाणी सॉकेटमध्ये जात नाही. इन्व्हर्टरवर पंप चालवणार असाल तर तो साइन वेव्ह हवा. स्क्वेअर वेव्हवर पंप घरघरतो आणि तापतो. निदान बॅटरीचा एअर पंप तरी ठेवाच. वीज गेल्यावर मासे काही तास तग धरतात, पण रिंगांवरच्या जिवाणूंचा प्राणवायू आधी संपतो.

या जिवाणूंसाठीच हा सगळा खटाटोप आहे. माशांच्या विष्ठेतून अमोनिया निघतो, एक गट त्याचं नायट्राइट करतो, दुसरा नायट्राइटचं नायट्रेट. दोन्ही गट वाढायला चार ते सहा आठवडे लागतात, आपल्याकडच्या उबदार पाण्यात थोडे कमी. हा काळ माशांशिवाय काढा. जिवाणूंना खाणं म्हणून पाण्यात अमोनिया लिटरला २ मिलिग्रॅम करायचा. तुमच्या आठशे लिटरला सुमारे ५ ग्रॅम नवसागर (अमोनियम क्लोराइड) पुरतो. पण तो प्रयोगशाळेच्या दर्जाचा हवा. कल्हईवाल्याकडचा खडा नको, त्यात काय मिसळलंय सांगता येत नाही. ओळखीच्या कुणाच्या निरोगी टँकमधला वापरलेला स्पंज तुमच्या सम्पमध्ये पिळला तर काम बरंच लवकर होतं. द्रव टेस्ट किट घ्या, कागदी पट्ट्यांवर विसंबू नका. २ मिलिग्रॅम अमोनिया एका दिवसात शून्य झाला आणि नायट्राइटही शून्य आलं, की टँक तयार. मग निम्म्याहून जास्त पाणी बदलून मासे आणायचे.

नाशिकचं नळाचं पाणी मुख्यतः गंगापूर धरणाचं, म्हणजे बऱ्यापैकी मृदू. बोअरचं पाणी जड असतं, ते मिसळलं तर मोजून मिसळा. मृदू पाण्यात एक अडचण असते: जिवाणू काम करताना पाण्यातली क्षारता खातात आणि काही महिन्यांनी पीएच एकदम घसरतो. शिंपल्यांच्या चुऱ्याची जाळीदार पिशवी सम्पमध्ये ठेवा. उलट बोअरच्या पाण्यावर पीएच ८ असेल तर अमोनिया जास्त विषारी होतो. ७ ला त्याचा अर्धा टक्का घातक रूपात असतो, ८ ला पाच टक्के. क्लोरीनसाठी हायपो (सोडियम थायोसल्फेट) वापरा, एका मिलिग्रॅम क्लोरीनला सात मिलिग्रॅम. दर आठवड्याला पाव टँक पाणी बदलायचं, म्हणजे २०० लिटर. त्यासाठी एक ड्रम आणि एक छोटा पंप कायमचा लागेल, त्याची जागा आत्ताच ठरवा. काढलेलं पाणी कुंड्यांना घाला, नायट्रेटमुळे झाडं तरारतात.

राहिली अरोवाना. सिल्व्हर अरोवाना ९० सेंटीमीटरपर्यंत वाढते, आणि तुमचा टँक नव्या मापातही ७५ रुंद आहे. ती सरळ पोहत जाईल, पण वळणार कुठे? या टँकमध्ये तिला ठेवणं मला पटत नाही. त्याऐवजी सह्याद्रीतले मासे ठेवा. डेनिसन बार्ब, बाजारात ज्याला मिस केरळ म्हणतात: रुपेरी अंगावर काळी रेघ, तिच्यावर डोळ्यावरून गेलेली लाल रेघ. फ्रान्सिस डे यांनी १८६५ मध्ये त्याचं वर्णन केलं आणि २०१३ मध्ये त्याच्या प्रजातीलाच (जीनसला) सह्याद्रिया हे नाव मिळालं. दहा-बाराचा थवा सहा फुटांत एका टोकाकडून दुसरीकडे एकाच वेळी वळतो, तेव्हा एवढी लांबी कशासाठी हवी ते कळतं. सोबत फिलामेंट बार्ब, मेलन बार्ब, तळाला झेब्रा लोच. डेनिसन आणि झेब्रा लोच दोन्ही संकटग्रस्त आहेत, म्हणून हॅचरीत पैदास केलेलेच मागा. दुकानदाराला ते सांगता येत नसेल तर दुसऱ्या दुकानात जा.

हे वाहत्या, थंड पाण्यातले मासे आहेत. एका टोकाला वेव्हमेकर, म्हणजे पाण्यात प्रवाह करणारा पंप, लावा. एप्रिल-मेमध्ये पाणी तिशीपलीकडे जाईल तेव्हा पृष्ठभागावर तिरके दोन पंखे सोडा, बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. त्या दिवसांत रोज काही लिटर पाणी उडून जातं; ते भरताना आरओचं भरा, कारण वाफ जाते आणि क्षार मागे राहतात. पंख्यांच्या वेळी झाकणाऐवजी जाळी ठेवावी लागते.

नवीन मासे आधी वेगळ्या छोट्या टँकमध्ये दोन-तीन आठवडे ठेवा. पहिल्यांदा सहाच सोडा, अमोनिया शून्यावर टिकतोय हे बघून पुढचे. आणि वर झाकण हवंच, ५ एमएम काचेचं, दोन-तीन तुकड्यांत. डेनिसन उडी मारतात, विशेषतः पहिल्या काही रात्री, आणि पाईपसाठी ठेवलेली चार बोटांची खाच त्यांना बरोबर सापडते. त्या खाचेला प्लॅस्टिकची जाळी लावूनच मासे सोडा.